स्वतंत्र पक्ष (१९५९–१९७४): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राज्यशास्त्राचे विद्यार्थी, स्पर्धा परीक्षा देणारे आणि शेतकरी चळवळीतले जुने कार्यकर्ते यांच्याकडून पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवात सोप्या प्रश्नांनी आहे, अडचणीचे प्रश्न शेवटाकडे आहेत. फक्त आकडे हवे असतील तर थेट प्रश्न ६ वर जा.

१. स्वतंत्र पक्ष नेमका काय होता? थोडक्यात सांगा.

नेहरूंच्या नियोजनबद्ध अर्थव्यवस्थेला उघडपणे आणि तत्त्व म्हणून विरोध करणारा स्वातंत्र्योत्तर भारतातला पहिला मोठा पक्ष. ४ जून १९५९ रोजी मद्रासमध्ये त्याची घोषणा झाली, १ आणि २ ऑगस्टला मुंबईत पूर्वतयारीचे अधिवेशन भरले आणि १९७४ मध्ये तो दुसऱ्या पक्षात विलीन झाला. आयुष्य जेमतेम पंधरा वर्षांचे. निवडणूक चिन्ह तारा. १९६७ च्या लोकसभेत ४४ खासदारांसह तो सर्वांत मोठा विरोधी पक्ष होता, चार वर्षांनी ८ वर आला.

एक गोष्ट आधीच ध्यानात घेतली तर पुढचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात. या पक्षाचा विचार मुंबई आणि मद्रासमध्ये शिजला, पण मते मिळाली गुजरात, राजस्थान, ओडिशा आणि बिहारमध्ये. लिहिणाऱ्या-बोलणाऱ्यांकडे स्वतःचे मतदारसंघ नव्हते आणि ज्यांच्याकडे हक्काचे मतदारसंघ होते त्यांतल्या अनेकांना त्या विचाराशी फारसे देणेघेणे नव्हते. मुंबईचे महापौर राहिलेले मिनू मसानी लोकसभेत गेले ते रांची आणि राजकोटमधून, मुंबईतून नव्हे.

२. काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनाचा याच्याशी काय संबंध?

ठिणगी तिथेच पडली. जानेवारी १९५९ मध्ये नागपूरला काँग्रेसने ठराव केला की, पुढच्या काळातली शेती सहकारी सामुदायिक पद्धतीची असेल. जमिनीची मालकी कागदावर शेतकऱ्याची राहील, पण कसणूक एकत्र होईल आणि उत्पन्न जमिनीच्या व कामाच्या प्रमाणात वाटले जाईल. आधी तीन वर्षे सेवा सहकारी संस्था, मग एकत्र शेती, असा टप्पाही ठरला.

आंध्रचे शेतकरी नेते एन. जी. रंगा यांनी या मुद्द्यावर काँग्रेस सोडली. चरणसिंगांनी पक्षात राहून कडाडून विरोध केला. विरोधकांचे म्हणणे असे की, बांध एकदा मोडला की मालकी उताऱ्यापुरती उरते. ठराव प्रत्यक्षात फारसा कधी राबवला गेला नाही, पण शहरातल्या उद्योजकांची नाराजी आणि जमीनधारक शेतकऱ्याची भीती एका मांडवाखाली आणायला तो पुरेसा ठरला.

३. पक्ष काढणारी माणसे कोण? राजाजी तर काँग्रेसचेच होते ना?

काँग्रेसचेच, आणि साधेसुधे नव्हेत. चक्रवर्ती राजगोपालाचारी भारताचे शेवटचे गव्हर्नर जनरल. पक्ष काढला तेव्हा त्यांनी ऐंशी ओलांडली होती. एन. जी. रंगा अध्यक्ष झाले आणि मिनू मसानी सरचिटणीस. कन्हैयालाल मुन्शी, होमी मोदी, संस्थानांच्या विलीनीकरणात सरदार पटेलांचे उजवे हात असलेले व्ही. पी. मेनन ही मंडळी सुरुवातीपासून होती. गुजरातेत भाईलालभाई पटेल म्हणजे भाईकाका. सरदारांचे चिरंजीव डाह्याभाईही याच पक्षात.

सर्वांत नवल मसानींचे. १९३४ च्या काँग्रेस समाजवादी पक्षाच्या संस्थापकांत जयप्रकाश नारायण यांच्याबरोबर ते होते, आणि त्या पक्षाची कल्पना आकाराला आली ती नाशिकच्या तुरुंगात. रशियातल्या स्टालिनी कारभाराची माहिती मिळत गेली तसे ते समाजवादापासून दूर सरकले. १९५२ मध्ये त्यांनी ‘फ्रीडम फर्स्ट’ हे नियतकालिक सुरू केले, म्हणजे त्यांची दिशा पक्षाच्या सात वर्षे आधीच ठरलेली होती.

४. आगरकर–गोखले–रानडे परंपरेतला ‘लिबरल पक्ष’ तो हाच का?

नाही. तो वेगळा, आणि चाळीस वर्षे आधीचा. १९०७ च्या सुरत अधिवेशनात जहाल आणि मवाळ फुटले, पुढे १९१८ मध्ये माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणा स्वीकाराव्यात की नाही यावरून नेमस्तांनी काँग्रेसबाहेर स्वतंत्र चूल मांडली. तीच नॅशनल लिबरल फेडरेशन. तेजबहादूर सप्रू, श्रीनिवास शास्त्री, चिमणलाल सेटलवाड, सी. वाय. चिंतामणी हे तिचे नेते; महाराष्ट्रात रँग्लर र. पु. परांजपे. गोखले १९१५ मध्येच वारले होते, रानडे १९०१ मध्ये आणि आगरकर १८९५ मध्ये, तेव्हा या तिघांना त्या पक्षाचे सभासद म्हणणे चूक.

दोघांत फरक मोठा आहे. नेमस्तांचा भर घटनात्मक सुधारणा, शिक्षण आणि चर्चा-वाटाघाटी यांवर. जनतेकडे मते मागायची वेळ त्यांच्यावर फारशी आलीच नाही. स्वतंत्र पक्षाला प्रौढ मताधिकाराच्या निवडणुका लढवायच्या होत्या आणि त्याचा मुख्य मुद्दा आर्थिक होता. धागा आहे तो कायद्याच्या राज्याच्या आग्रहापुरता.

५. पक्षाची २१ तत्त्वे कोणती? सगळी पाठ करावी लागतात का?

पाठ करण्यात अर्थ नाही, गट लक्षात ठेवा. व्यक्तीला जास्तीत जास्त मोकळीक आणि सरकारचा कमीत कमी हस्तक्षेप हा पाया. शेतीत स्वतःची जमीन कसणारा शेतकरी केंद्रस्थानी, सामुदायिक शेतीला विरोध. उद्योगात स्पर्धा, पण कामगारांना संरक्षण. सरकारी कारखाने फक्त जिथे खासगी भांडवल पुरे पडत नाही तिथे. सरकारी खर्चाला आणि करांना लगाम. मूलभूत हक्क, त्यात मालमत्तेचा हक्क आणि जमीन घेतल्यास न्याय्य भरपाई, मूळ घटनेत होती तशी. न्यायालये स्वतंत्र. वर गांधीजींच्या विश्वस्ततेच्या कल्पनेचा उल्लेख, कारण राजाजींना बाजार हवा होता पण नैतिकतेशिवायचा नको होता.

खरे महत्त्व एकविसाव्या कलमाला. वरच्या तत्त्वांत जे येत नाही त्या प्रत्येक प्रश्नावर सभासदाला पूर्ण मतस्वातंत्र्य, असे ते सांगते. भाषा, धर्म, सामाजिक सुधारणा, मद्यबंदी, सगळे खुले. काँग्रेसच्या पक्षशिस्तीला कंटाळलेल्यांना हे आकर्षक वाटले. पण त्याचीच दुसरी बाजू प्रश्न १३ मध्ये दिसते.

६. निवडणुकांचे आकडे द्या. आणि प्रत्येक ठिकाणी ते वेगळे का दिसतात?

लोकसभा १९६२: १८ जागा, ७.८९ टक्के मते. त्यांत बिहार ७, गुजरात ४, राजस्थान ३, उत्तर प्रदेश ३, आंध्र १.

लोकसभा १९६७: ४४ जागा, ८.६७ टक्के मते. गुजरात १२, ओडिशा ८, राजस्थान ८, मद्रास ६, म्हैसूर ५, आंध्र ३, मध्य प्रदेश आणि उत्तर प्रदेश प्रत्येकी १.

लोकसभा १९७१: ८ जागा, ३.०७ टक्के मते. राजस्थान ३, ओडिशा ३, गुजरात २.

घोळ बहुतेक वेळा १९६२ च्या आकड्यात होतो. ओडिशातली गणतंत्र परिषद ती निवडणूक वेगळी लढली, ४ जागा मिळवल्या आणि नंतर स्वतंत्रमध्ये विलीन झाली. कोणी १८ लिहितो, कोणी विलीनीकरण धरून २२. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर, पण परीक्षेत १८ लिहा. निवडणूक आयोगाच्या अहवालातला आकडा तोच आहे. दुसरे म्हणजे पोटनिवडणुका. मसानी १९६२ मध्ये हरले, पण १९६३ मध्ये राजकोटच्या पोटनिवडणुकीत निवडून आले, त्यामुळे सभागृहातले संख्याबळ मधल्या काळात बदलत गेले.

७. मते एक टक्काही वाढली नाहीत, मग जागा १८ वरून ४४ कशा झाल्या?

तीन कारणे, आणि तिसरे सर्वांत मोठे.

एक, काँग्रेसची मते देशभर सुमारे ४५ टक्क्यांवरून ४१ वर घसरली. दोन, विरोधकांनी काही राज्यांत एकमेकांच्या आड न येण्याचे ठरवले. तीन, मते एका जागी साचली. आपल्या पद्धतीत ज्याला सर्वाधिक मते तो जिंकतो; बाकीच्यांची मते वाया. दोन्ही वेळा पक्षाने पावणेदोनशेच्या आसपासच जागा लढवल्या, पण १९६७ मध्ये त्या अधिक विचारपूर्वक निवडलेल्या होत्या. मद्रासचे उदाहरण घ्या: राजाजींनी द्रमुकशी जागावाटप केले आणि १९६२ मध्ये तिथे लोकसभेची एकही जागा नसलेल्या पक्षाला ६ मिळाल्या. मात्र राज्यात द्रमुकला स्वबळावर बहुमत मिळाल्यामुळे सत्तेत वाटा मागण्याची सोय राहिली नाही.

याच गणिताचा फटका बिहारमध्ये बसला. रामगढचे राजे कामाख्य नारायण सिंह यांनी आपला जनता पक्ष स्वतंत्रमध्ये आणला होता. १९६२ च्या सात जागा त्याच ताकदीच्या. ते बाहेर पडले आणि १९६७ मध्ये बिहारमधून स्वतंत्रचा एकही खासदार आला नाही. सातावरून शून्य. शाखा, सभासद, कार्यकर्ते असे मधले काही उभेच राहिले नव्हते.

८. मग हा राजेरजवाड्यांचा आणि भांडवलदारांचा पक्ष होता, हे नेहरूंचे म्हणणे खरेच की!

अर्धे खरे. जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवी १९६२ मध्ये २,४६,५१६ पैकी १,९२,९०९ मते घेऊन निवडून आल्या. ते मताधिक्य जागतिक विक्रमांच्या पुस्तकात नोंदले गेले. डुंगरपूर, रामगढ, बोलांगीर-पाटणा, सगळीकडे जुन्या दरबारचे वजन कामी आले. संस्थानिकांना तनख्यांची आणि जमिनीच्या कमाल मर्यादेची काळजी होती, हे लपवण्यात अर्थ नाही.

पण गुजरातचे चित्र वेगळे. तिथे पक्षाचा कणा चरोतरचे पाटीदार शेतकरी, आणि त्यांच्या जोडीला क्षत्रिय सभेशी जोडलेले गट. आंध्रच्या किनारपट्टीवर रंगांचे पाठीराखे बागायतदार होते. हे काही सरंजामदार नव्हेत. कुळकायद्यामुळे किंवा कसण्यातून नुकतीच पक्की मालकी मिळालेला शेतकरी सामुदायिक शेतीला घाबरला, तर त्याला संस्थानिकांच्या पंगतीत बसवणे अन्यायाचे आहे.

पैशाचे वेगळे सांगावे लागेल. कंपन्यांना त्या काळी पक्षांना देणगी देता येई, त्यावर १९६० च्या दुरुस्तीने मर्यादा आली. १९६१ मध्ये जे. आर. डी. टाटांनी नेहरूंना कळवून टाकले की, टाटा समूह काँग्रेसबरोबर स्वतंत्रलाही मदत करणार आहे. मात्र ज्याच्या हातात परवाने त्याला देणग्या जास्त, हा साधा व्यवहार. उद्योजकांचा मोठा पैसा काँग्रेसकडेच जात राहिला. भांडवलशाहीची बाजू घेणाऱ्या पक्षाला भांडवलदारांनीच हात आखडता ठेवला. १९६९ मध्ये कंपन्यांच्या देणग्यांवर पूर्ण बंदी आली, ती १९८५ पर्यंत टिकली. रोख आणि पडद्याआडच्या व्यवहारांत मुरलेल्या पक्षांना ती झेपली. धनादेशाने देणगी घेणाऱ्यांना नाही.

९. ‘लायसन्स-परमिट-कोटा राज’ हा शब्द सगळे वापरतात. त्यात प्रत्यक्ष काय करावे लागे?

शब्द राजाजींनी रूढ केला, मद्रासच्या ‘स्वराज्य’ साप्ताहिकातल्या लेखनातून तो घरोघरी गेला. प्रक्रिया अशी. १९५१ च्या उद्योग कायद्याखाली यादीतला नवा कारखाना काढायचा, आहे तो लक्षणीय वाढवायचा, नवीन वस्तू बनवायची किंवा जागा बदलायची, तर केंद्राचा परवाना. यंत्रे बाहेरून आणायची तर आयात परवाना वेगळा. परदेशी कंपनीशी करार असेल तर त्याची मंजुरी वेगळी. लोकांकडून भागभांडवल उभारायचे तर भांडवल निर्गम नियंत्रकाची संमती, १९४७ च्या कायद्याखाली. एवढे झाल्यावर पोलाद, सिमेंट, कोळसा यांचा कोटा. आणि परवान्यावर लिहिलेल्या क्षमतेपेक्षा जास्त माल काढला तर तोही गुन्हा!

या साखळीतली एक कडी अडकली की बाकीच्या मंजुऱ्यांची मुदत संपे आणि अर्ज पुन्हा पहिल्यापासून. म्हणून मोठ्या घराण्यांनी दिल्लीत कायमची माणसे ठेवली, आणि काहींनी परवाने घेऊन कारखाने काढलेच नाहीत, कारण हातातला परवाना म्हणजे प्रतिस्पर्ध्याला मिळणार नाही याची हमी. छोटा उद्योजक यात टिकणे कठीण, हा पक्षाचा सर्वांत वजनदार युक्तिवाद होता. दुर्दैवाने प्रचारात तो सर्वांत कमी वापरला गेला.

१०. महाराष्ट्रात पक्षाचा एकही आमदार का निवडून आला नाही?

१९६२ आणि १९६७, दोन्ही विधानसभांत शून्य. पक्षाची वैचारिक राजधानी मुंबई असून ही अवस्था.

पहिले कारण जमिनीचे. राज्याचा मोठा भाग रयतवारीचा. राजस्थान-ओडिशासारखे मतांचा गठ्ठा हलवणारे संस्थानिक इथे कमी. दुसरे, ग्रामीण सधन शेतकरी आधीच दुसऱ्या घरात होता. साखर कारखाने, जिल्हा बँका, खरेदी-विक्री संघ आणि १९६२ पासून जिल्हा परिषदा या सगळ्या जाळ्यात तो यशवंतराव चव्हाणांच्या काँग्रेसशी बांधला गेला. गुजरातेत जो वर्ग स्वतंत्रकडे गेला, तो इथे सहकारातून सत्तेत बसला. ‘सरकार कमी करा’ हे त्याला कोण कशाला सांगेल आणि तो ऐकेल कशाला? तिसरे, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याने विरोधी अवकाश शेकाप, प्रजासमाजवादी, कम्युनिस्ट आणि रिपब्लिकन यांनी भरून टाकला होता. इंग्रजी बोलणाऱ्या गुजराती-पारशी धनिकांचा पक्ष, ही प्रतिमा त्या वातावरणात पुसणे अवघड होते. भरीस भर, डिसेंबर १९६१ मधल्या गोव्याच्या लष्करी कारवाईवर राजाजींनी टीका केली आणि दोनच महिन्यांत मतदान आले.

१९६२ मध्ये उत्तर मुंबईत कृष्ण मेनन यांच्याविरुद्ध आचार्य कृपलानींना स्वतंत्रने पाठिंबा दिला होता. मेनन आरामात जिंकले.

११. १९६७ नंतर मसानी किंवा रंगा विरोधी पक्षनेते होते का?

अधिकृत नव्हते. ५२० च्या सभागृहात मान्यतेसाठी एक दशांश म्हणजे ५२ सदस्य लागत आणि पक्षाकडे होते ४४. म्हणून ‘सर्वांत मोठ्या विरोधी गटाचे नेते’ एवढेच म्हणता येते. लोकसभेतले पहिले मान्यताप्राप्त विरोधी पक्षनेते राम सुभग सिंग, डिसेंबर १९६९ मध्ये, काँग्रेस फुटल्यावर.

मसानींचा वेगळा मान मात्र खरा: १९६७ मध्ये ते सरकारी खर्चाचे हिशेब तपासणाऱ्या संसदेच्या लोकलेखा समितीचे अध्यक्ष झाले. विरोधी पक्षाच्या सदस्याला ते पद देण्याची प्रथा तेव्हापासूनची, आणि ती आजही पाळली जाते.

१२. संसदेत त्यांनी भाषणांपलीकडे काय साधले?

मते पुरेशी नसताना जे साधते तेवढे. सतराव्या घटनादुरुस्तीचे प्रकरण पाहा. ‘इस्टेट’ या व्याख्येत रयतवारी जमिनी ओढून भूधारणेचे कायदे नवव्या अनुसूचीत टाकायचे, म्हणजे भरपाईवरून न्यायालयात जायची वाट बंद. एप्रिल १९६४ मध्ये एकूण सदस्यसंख्येच्या बहुमताची घटनात्मक अट पुरी झाली नाही आणि विधेयक पडले. सत्ताधारी बाकांवरची गैरहजेरी नडली. जूनमध्ये ते पुन्हा आणून मंजूर केले. स्वतंत्रच्या सदस्यांनी मुद्दा लावून धरला होता तो असा: हा कायदा जमीनदाराविरुद्ध असल्याचे सांगता, पण व्याख्येत पाच-दहा एकरवालाही येतो.

ऑगस्ट १९६३ मधल्या पहिल्या अविश्वास ठरावाला, कृपलानींच्या, त्यांनी साथ दिली. ठराव ६२ विरुद्ध ३४७ असा फेटाळला गेला. १९ जुलै १९६९ ला १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले तेव्हाही विरोध स्वतंत्रनेच सर्वांत मुद्देसूद केला. पुढे १० फेब्रुवारी १९७० ला सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द ठरवला, पण सरकारने चार दिवसांत नवा अध्यादेश काढला. अर्थसंकल्पावरचे मसानी आणि नारायण दांडेकर यांचे विश्लेषण विरोधकही गांभीर्याने ऐकत. स्वतंत्रचेच खासदार पिलू मोदी यांचा प्रकार वेगळा: विरोधकांवर परदेशी हस्तक असल्याचे आरोप व्हायला लागले तेव्हा ते ‘मी सीआयएचा एजंट आहे’ अशी पाटी गळ्यात अडकवून सभागृहात आले.

१३. पक्ष कुठे सत्तेत आला होता का? आणि उदारमतवादी पक्षाने धर्मांतरविरोधी कायदा केला हे खरे का?

दोन्ही उत्तरे ओडिशात आहेत. १९६७ मध्ये १४० पैकी ४९ जागा स्वतंत्रला आणि २६ हरेकृष्ण महताबांच्या जन काँग्रेसला. बेरीज ७५. राजेंद्र नारायण सिंहदेव मुख्यमंत्री झाले आणि आघाडी जानेवारी १९७१ पर्यंत चालली. त्या काळच्या आघाड्यांच्या मानाने हे दीर्घायुष्यच.

याच सरकारने ओडिशा धर्मस्वातंत्र्य कायदा, १९६७ आणला. सक्ती, आमिष किंवा फसवणुकीने केलेले धर्मांतर गुन्हा ठरवणारा स्वातंत्र्यानंतरचा हा पहिला राज्य कायदा. उच्च न्यायालयाने तो १९७२ मध्ये रद्द केला, सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये वैध ठरवला. राज्ययंत्रणेला नागरिकाच्या खासगी निर्णयापासून दूर ठेवा म्हणणाऱ्या पक्षाचे हे कृत्य विसंगत आहे, यात शंका नाही. कारण प्रश्न ५ मधल्या एकविसाव्या तत्त्वात सापडते. अर्थकारणाबाहेरचे सगळे खुले ठेवल्यावर स्थानिक नेतृत्वाला अडवायला पक्षाकडे साधनच नव्हते.

राजस्थानात सत्ता हातातोंडाशी येऊन निसटली. १८४ पैकी काँग्रेसला ८९, बहुमत नाही. विरोधकांनी डुंगरपूरचे महारावळ लक्ष्मणसिंह यांच्या नेतृत्वाखाली दावा केला, राज्यपालांनी काँग्रेसच्या मोहनलाल सुखाडियांना बोलावले, जयपुरात दंगल-गोळीबार झाला आणि राष्ट्रपती राजवट आली. ती उठेपर्यंत पुरेसे आमदार फुटले होते.

१४. जनसंघ आणि स्वतंत्र यांत फरक काय? दोघेही उजवेच ना?

काँग्रेसविरोध आणि चीनबाबतची कठोर भूमिका सोडली तर साम्य थोडे. जनसंघ हिंदीचा आग्रही, राजाजी इंग्रजी टिकावी म्हणणारे. काश्मीर आणि पाकिस्तानबाबत राजाजी-मसानी वाटाघाटीच्या बाजूचे. शेख अब्दुल्ला १९६४ मध्ये सुटल्यावर मद्रासला राजाजींना भेटले, जनसंघाला हे मान्य होणे शक्य नव्हते. आणि जनसंघाकडे संघाची शाखा होती. हा शेवटचा फरक निर्णायक ठरला: १९६२ मध्ये जनसंघाचे खासदार १४, म्हणजे स्वतंत्रपेक्षा कमी. पण एक नेता गेला म्हणून तिथे राज्य रिकामे होत नसे.

१५. १९७१ मध्ये नेमके काय बिघडले आणि पक्ष संपला कसा?

संघटना काँग्रेस (१९६९ च्या फुटीनंतरचा इंदिरा गांधींविरोधी गट), जनसंघ, संयुक्त समाजवादी आणि स्वतंत्र यांची बडी आघाडी झाली. समाजवाद्यांबरोबर मांडीला मांडी लावून बसल्यावर ‘आम्ही वेगळे’ हे सांगायला जागा उरली नाही. लढवायला मिळाल्या साठेक जागा. समोर ‘गरिबी हटाव’. इंदिरा गांधींना ३५२ मिळाल्या, स्वतंत्रला ८. राजकोटला मसानीही पडले आणि त्यांनी अध्यक्षपद सोडले. २५ डिसेंबर १९७२ ला राजाजी गेले, रंगा काँग्रेसमध्ये परतले.

ऑगस्ट १९७४ मध्ये पिलू मोदींच्या अध्यक्षतेखालचा पक्ष चरणसिंगांच्या भारतीय लोकदलात विलीन झाला. मसानींना हे विलीनीकरण पटले नव्हते. १९७७ मध्ये लोकदल जनता पक्षात गेले आणि पूर्वाश्रमीचे स्वतंत्रवाले एच. एम. पटेल मोरारजींचे अर्थमंत्री झाले. जानेवारी १९७८ मध्ये हजार, पाच हजार आणि दहा हजारांच्या नोटा रद्द झाल्या त्या त्यांच्याच कारकिर्दीत. सत्तेत गेलेला उदारमतवादी काय करेल याचा अंदाज त्याच्या जुन्या जाहीरनाम्यावरून बांधू नये.

१६. शरद जोशींचा ‘स्वतंत्र भारत पक्ष’ हा त्याचाच वारस का?

कायद्याने नाही, विचाराने बऱ्याच अंशी. शेतकरी संघटनेतून १९९४ मध्ये निघालेला तो नवा पक्ष होता; नाव मुद्दाम जवळचे घेतले. फरक आधाराचा. जुना स्वतंत्र वरून खाली आला. जोशींचा चाकणच्या कांदा आंदोलनापासून, म्हणजे भाव न मिळालेल्या शेतकऱ्यापासून वर. निर्यातबंदी, लेव्ही, जिल्हाबंदी, कापसाची एकाधिकार खरेदी ही सगळी शेतीतली परवाना-राजे, ही मांडणी जुन्या पक्षाला कधी इतकी नेमकी जमली नाही. तरी निवडणुकीत निकाल सारखाच: आंदोलनाला लाख माणसे, मतपेटीत थोडी. २००४ मध्ये विधानसभेत राजुऱ्याची एकच जागा. कांद्यासाठी रस्त्यावर बसणारा शेतकरी मत देताना जात, गाव आणि सोसायटीचा चेअरमन पाहत होता.

१७. शरद जोशींनी महिला आरक्षणाविरुद्ध मत दिले, मग ते उदारमतवादी कसे?

९ मार्च २०१० ला राज्यसभेत विधेयक १८६ विरुद्ध १ मतांनी मंजूर झाले, ते एक मत त्यांचे. विरोध महिलांच्या प्रतिनिधित्वाला नव्हता; चांदवडचा महिला मेळावा आणि पत्नीच्या नावावर जमीन करून देणारी लक्ष्मीमुक्ती मोहीम त्यांच्याच संघटनेची. आक्षेप होता चिठ्ठी टाकून फिरत्या राखीव मतदारसंघांना: दर निवडणुकीला मतदारसंघ बदलला तर निवडून आलेल्या बाईला पुन्हा तिथे उभे राहण्याची शाश्वती नाही आणि मतदाराला जाब विचारायला कोणी नाही. युक्तिवाद पटो न पटो, तो उत्तरदायित्वाचा आहे.

१८. आज कोणी ‘स्वतंत्र पक्ष’ याच तत्त्वांवर नोंदवू शकतो का?

नोंदवू शकतो, पण एक गोम आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम २९अ १९८९ मध्ये आले. त्यानुसार स्थापनेपासून ३० दिवसांत अर्ज, सोबत १०,००० रुपये शुल्क, किमान १०० नोंदणीकृत मतदार सभासद व त्यांची प्रतिज्ञापत्रे, वृत्तपत्रांत जाहीर सूचना, हरकतींसाठी मुदत. आणि पक्षाच्या घटनेत स्पष्ट कलम हवे की, पक्ष समाजवाद, धर्मनिरपेक्षता आणि लोकशाही या तत्त्वांशी निष्ठा बाळगेल. अर्ज अडकतात ते बहुधा इथेच: कायद्यातला मजकूर जसाच्या तसा न उतरवता कोणी आपल्या भाषेत लिहिते.

म्हणजे समाजवादाविरुद्ध पक्ष काढायला आधी समाजवादाची शपथ! नव्वदच्या दशकात स्वतंत्र पक्षाच्या महाराष्ट्रातल्या उरलेल्या शाखेच्या वतीने एस. व्ही. राजू यांनी याला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. शरद जोशींनी खासदार असताना तो शब्द वगळण्यासाठी खासगी विधेयक मांडले. तरतूद आजही जागेवर आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यघटनेच्या उद्देशिकेतल्या ‘समाजवादी’ शब्दाविरुद्धच्या याचिका फेटाळताना म्हटले की, आपल्याकडे त्याचा अर्थ कल्याणकारी राज्य असा आहे आणि खासगी उद्योगाला तो आडकाठी करत नाही. निकाल उद्देशिकेपुरता होता, पण व्यवहारात आजचे बाजारवादी पक्ष याच अर्थाच्या आधारे सही करतात.

१९. १९९१ च्या उदारीकरणाचे श्रेय स्वतंत्र पक्षाला द्यावे का?

थेट नाही. १९९१ ला परकीय चलनाची गंगाजळी आटली होती, निर्णय नरसिंह राव आणि मनमोहन सिंग यांचे, पक्ष काँग्रेस. पण २४ जुलै १९९१ च्या औद्योगिक धोरणाने १८ उद्योग सोडून परवाना रद्द केला आणि १९९२ मध्ये भांडवल निर्गम कायदा गेला, तेव्हा प्रश्न ९ मधली साखळी कडीकडीने तुटली. ही मागणी संसदेच्या कामकाजात तीस वर्षे आधी नोंदलेली आहे. शेतीकडे मात्र ते वारे फार थोडे पोहोचले. मालमत्तेचा मूलभूत हक्क १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने गेला तो गेलाच, आज तो कलम ३००अ खालचा घटनात्मक हक्क आहे. आवश्यक वस्तू कायदा, नववी अनुसूची जागच्या जागी.

२०. अभ्यास करायचा तर सुरुवात कुठून?

आधी निवडणूक आयोगाचे सांख्यिकी अहवाल. त्यांत पक्षाची खूण ‘एसडब्ल्यूए’ अशी आहे. १९६२ साठी गणतंत्र परिषदेचा तक्ता वेगळा काढा. मग लोकसभेच्या कामकाजाचे खंड, संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात मिळतात. मसानी, रंगा, दांडेकर यांची अर्थसंकल्पावरची भाषणे आधी वाचा. शोधताना काळजी एवढीच की रंगांचे नाव कधी ‘रंगा’, कधी ‘आचार्य रंगा’ असे येते, आणि दांडेकरांच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये शेवटच्या ‘आर’च्या आधी कधी ‘ए’ तर कधी ‘ई’ असतो. दोन्ही टाकून पाहा, नाहीतर निम्मी भाषणे हाती लागत नाहीत.